तीन रिकाम्या जागा

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
२१ जून २०२३

ती. आबा आणि ती. आईस,
रत्नमालेचा सविनय जयभीम. वि. वि.

परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं आणि तिन्ही वेळा तुम्ही, इकडं अजून पेरण्या नाहीत, असंच उत्तर दिलंत. कानाचं यंत्र कपाटात ठेवायचं नसतं आबा, कानात घालायचं असतं. म्हणून आता पत्रच लिहिते. तुम्ही निवृत्त मास्तर, आधी शुद्धलेखनाच्या चुका काढाल हे ठाऊक आहे. पण निदान मजकूर तरी पोचेल.

सांगत होते ते हे, की आमचे प्राचार्य मे अखेर निवृत्त झाले आणि संस्थेनं मला प्रभारी प्राचार्य केलं. आईला म्हणावं, गावात पेढे वाटू नकोस. प्रभारी म्हणजे काम सगळं आपलं आणि खुर्ची उसनी.

खरं तर आनंदापेक्षा धास्तीच जास्त आहे. नुसते शिक्षक घडवणारी एकटीदुकटी महाविद्यालयं येत्या काही वर्षांत राहणार नाहीत, असं नवं धोरण आहे. संस्था काढणाऱ्या तुमच्या मोठ्या सरांचे चिरंजीव सुदर्शनराव आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. त्यांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून सांगितलं, की आता एक तर वाढायचं, नाही तर कुलूप लावायचं. बायपासच्या आवारात आपलं डी.एड., बी.एड., कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालय आणि सराव शाळा आहेच. ते सगळं जोडायचं, चार नवे विभाग काढायचे आणि विद्यापीठासाठी अर्ज करायचा. अर्ज म्हणजे चारशे पानं. ती मी तयार करायची.

दातांच्या डॉक्टरांनी परवा विचारलं, झोपेत दात खाता का. तुमचे जावई धम्मपाल म्हणाले, झोपेतच कशाला, वाळूजच्या कंपनीतून मी पाळी करून येतो तेव्हा जागेपणीही खाते. हसले मी, पण दाढ दुखतेच आहे.

अर्जात संस्थेच्या इतिहासाचं एक प्रकरण लागतं. पहिल्या तुकडीतले तुम्हीच एक हाताशी आहात. आठवेल ते लिहा. करुणा बारावीला गेली, आजोबांना जयभीम सांगते.

माया आहे ती वाढती ठेवा.
तुमची,
रत्नमाला


धानोरा, ता. सिल्लोड
५ जुलै २०२३

चि. रत्नमालेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. 'प्राचार्य' शब्द बरोबर लिहिलास, म्हणून पास केलं.

आमचं 'लोकप्रबोधन अध्यापक विद्यालय' म्हणजे १९७१ साली क्रांती चौकामागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या. आम्ही सव्वीस जण. फळा एकच, म्हणून दुसऱ्या खोलीत दाराच्या फळ्यांना काळा रंग दिलेला. कुणी मधेच आत आलं की अर्धं गणित भिंतीकडं जायचं. पुढच्या साली दुष्काळ. मेसमध्ये लाल मिलोच्या, त्या अमेरिकेच्या ज्वारीच्या, भाकरी. मोठे सर आमच्याच पंगतीत बसायचे आणि तीच भाकर खायचे. म्हणून कुणी तक्रार केली नाय.

माझा पहिला सराव पाठ नगरपालिकेच्या शाळेत झाला. पस्तीस मिनिटं मी एकटाच बोललो. लई खूश होऊन वही घेतली, तर सरांनी शेरा मारलेला: मुलं कुठं होती? हे तुझ्या अर्जात घाल नायतर घालू नको.

बाकीचं सांडूला विचार. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा. मीच त्याला डी.एड.ला धाडला, आणि आज तोच तुमच्या पोरांना शिकवायला शिकवतो, याचं मला माझ्या पेन्शनपेक्षा जास्त समाधान आहे. त्याच्याकडं सगळ्या जुन्या गोष्टी आहेत.

आई म्हणते, दाढेत लवंग धर. मी म्हणतो, चारशे पानं एका दिवशी लिहायची नसतात. रोज दोन लिही.

इकडचा जीव तिकडंच लागलेला असतो, हे ध्यानात असू दे.
तुझे,
आबा


छत्रपती संभाजीनगर
१५ जानेवारी २०२४

ती. आबा व आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल नामविस्तार दिन. धम्मपाल, करुणा आणि मी विद्यापीठाच्या गेटवर जाऊन आलो. केवढी गर्दी! खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया लेकरांना उचलून गेट दाखवत होत्या. मनात आलं, आपल्या माणसांना विद्यापीठ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आणि मी मात्र सहा महिने ते फायलींत शोधते आहे.

काम पुष्कळ पुढं गेलं. नवी तीन मजली इमारत उभी राहिली. संगणकशास्त्र आणि मानसशास्त्राचे विभाग सुरू झाले. चार वर्षांच्या शिक्षक पदवीलाही मान्यता मिळेल असं दिसतंय. ग्रंथालयात इतकी नवी पुस्तकं आली की कपाटं कमी पडून ती जिन्यात रचून ठेवलीत. इतिहासाच्या प्रकरणात तुमचा काळा दरवाजा घातला. सुदर्शनरावांनी तो खोडला. मी पुन्हा घातला.

एप्रिलमध्ये शासनाची समिती तपासणीला येणार. अडचण एकच, माणसांची. विद्यापीठ व्हायचं तर शिक्षणशास्त्रात पीएच.डी. किंवा नेट झालेली पूर्णवेळ माणसं ठरल्याइतकी लागतात. आमच्याकडं तीन कमी आहेत. यादी रोज पुढ्यात घेते, जणू बघून बघून वाढणार आहे.

सांडू सर बरे आहेत. करुणाच्या सराव परीक्षा सुरू झाल्यात.

मनातून उतरवू नका, एवढीच विनंती.
रत्नमाला


धानोरा
२९ जानेवारी २०२४

चि. रत्नमालेस,
आशीर्वाद.

काल सांडूची बायको सारजाबाई आली होती. संक्रांतीला माहेरी आली, तशी आपल्याकडं डोकावली. ती सांगत होती, की आठ तारखेला तू सांडूला जूनपासून येऊ नका असं कळवलंस. बावीस वर्षांनंतर.

तिला वाटलं, मला ठाऊक असेल. मला नव्हतं. तुझं पंधरा तारखेचं पत्र मी कपाटातून काढून परत वाचलं. त्यात लिहिलंय, सांडू सर बरे आहेत.

सारजाबाईनं चहा घेतला नाय. मीही आग्रह केला नाय. काय तोंडानं करणार?

आबा


छत्रपती संभाजीनगर
८ फेब्रुवारी २०२४

ती. आबांस,
सविनय जयभीम.

चुकले. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, तरी लिहिलं. तुम्हाला खरं सांगायचं धाडस झालं नाही.

आता सगळं सांगते. सांडू सरांकडं बी.एड. आहे, एम.ए. आहे. नेट नाही, पीएच.डी. नाही. दरवर्षी अकरा महिन्यांची नेमणूक, अशी बावीस वर्षं त्यांनी काढली. विद्यापीठात ती पद्धत चालणार नाही. मी वाट शोधली नाही असं समजू नका. उद्योगात, कलेत, शेतीत नाव काढलेल्या माणसाला पदवीवाचून प्राध्यापक नेमता येतं, असा एक नियम आहे. केवढ्या आशेनं तो वाचत गेले, तर पुढं लिहिलेलं, की शिकवण्याच्या पेशातल्यांना हे लागू नाही. म्हणजे सांडू सर सुतार असते तर बसले असते. शिक्षक आहेत म्हणून बसत नाहीत.

मी सांगितलं तेव्हा ते अक्षरकार्डं कापत होते. कात्री खाली ठेवली नाही. ताई, शेवटच्या वर्षाच्या पोरांचे सराव पाठ मे महिन्याच्या आत उरकतील ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग बाजूचं स्टूल माझ्याकडं सरकवलं, म्हणाले, बसा.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. त्या तीन जागांसाठी सुदर्शनरावांनी तीन नावं आणून दिलीत. तिघेही डॉक्टरेट. एक पुण्याला असतात, एक नाशिकला, तिसऱ्यांची नागपूरला स्वतःची संस्था आहे. समितीच्या दिवशी यायचं, पुढच्या रांगेत बसायचं आणि गाडीत बसून परत जायचं. हे तिघं आमच्याकडं पूर्णवेळ शिकवतात, असं प्राचार्य म्हणून मी लिहून द्यायचं.

म्हणजे शिकवणारा माणूस कागदावर नाही आणि कागदावरचा माणूस वर्गात नाही.

मी नाही म्हटलं, तर सुदर्शनराव शांतपणे म्हणाले, की दोनशे लोकांची घरं आणि दोन हजार पोरं आहेत, तुमच्या एका सहीवाचून उद्या कुलूप लागलं तर त्यांना तुमचा प्रामाणिकपणा दाखवा. ते लबाड माणूस नाहीत, आबा. वडिलांची संस्था बुडेल या भीतीनं त्यांचीही झोप गेलीय. धम्मपालही म्हणाले, की सगळीकडं हेच चालतं, कर सही आणि मोकळी हो. मी सही केलेली नाही. नाहीही म्हटलेलं नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

राग असू द्या, पण अबोला नको.
रत्नमाला


धानोरा
२० फेब्रुवारी २०२४

चि. रत्नमालेस,
अनेक आशीर्वाद.

राग गेला. सांडूशी तू समोरासमोर बोललीस, हे सारजाबाईनं मला सांगितलं नव्हतं. चिठ्ठी धाडून मोकळी झाली नाहीस, हे बरं केलंस.

तू म्हणतेस मी सांगावं. मला सांगता येत नाय. का येत नाय, ते लिहितो. हे तुझ्या आईशिवाय कुणाला ठाऊक नाय.

१९७९ साली इथं मी एकटाच मास्तर होतो. चाळीसच्या वर पट असेल तर दुसरा शिक्षक मिळायचा. पोरं होती तेवीस. तपासणीला अधिकारी यायचे होते. मी गावातल्या सगळ्या लेकरांची नावं दाखल केली आणि रोज हजेरी मांडत गेलो. पट झाला एक्केचाळीस. दुसरा मास्तर आला. तो आला म्हणून शाळा सातवीपर्यंत वाढली, आणि शाळा वाढली म्हणून सांडू शिकला. नायतर तो चौथीनंतर वावरात गेला असता. हे एक.

दुसरं असं. त्या कागदी पोरांत कडूबाई होती. आठ वर्षांची, शेरडं वळायची. दोन वर्षं मी तिला हजर मांडलं. कुणी विचारलं की ही पोर शाळंत का नाय, तर रजिस्टर सांगायचं, आहे की. गैरहजर असती तर मी तिच्या बापाच्या दारात गेलो असतो, भांडलो असतो, जसा इतरांच्या दारात गेलो. पण हजर असलेल्या पोरीला बोलवायला कोण जाईल?

आज ती त्रेपन्न वर्षांची आहे, अंगठा करते. बँकेचं काहीही आलं की वाचून घ्यायला माझ्याकडंच येते, गुर्जी म्हणते. मी वाचून दाखवतो. तिला अजून सांगितलेलं नाय.

आता तूच ठरव. माझ्या भीतीनं ठरवू नको, माझ्या मायेनंही नको.

जे करशील त्यानंतरही हे घर तुझंच.
आबा


छत्रपती संभाजीनगर
१९ एप्रिल २०२४

ती. आबा व आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

समिती सोमवारी-मंगळवारी येऊन गेली.

मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. यादीच्या पानावर त्या तिघांची नावं घातली नाहीत. तिथं 'तीन जागा रिक्त' असं लिहून सही केली. सुदर्शनरावांना सकाळीच सांगायचं ठरवलं होतं, पण ते पाहुण्यांत होते आणि माझी हिंमत दरवेळी दारापर्यंत जाऊन परत येत होती. त्यांना न सांगता मी बैठकीला बसले. ही माझी चूक, ती मी लपवत नाही.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, पूर्वी कुठंतरी कुलगुरू होत्या. कागद चाळताना त्या मधेच थांबल्या आणि पुढच्या रांगेत प्राध्यापक म्हणून बसवलेल्या नाशिकच्या गृहस्थांना विचारलं, की तुम्ही यंदा कोणत्या इयत्तेचे सराव पाठ पाहिलेत. ते माझ्याकडं बघायला लागले. साऱ्या खोलीनं माझ्याकडं पाहिलं. सुदर्शनरावांनीही.

मी उठले. म्हणाले, की हे आमच्याकडं शिकवत नाहीत, शेजारचे दोघंही नाहीत, आमच्या तीन जागा रिकाम्या आहेत. बाईंनी विचारलं, मग पाठ पाहतं कोण. मी सांडू सरांचं नाव सांगितलं, आणि ते नियमात बसत नाहीत म्हणून जूनपासून नसतील, हेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मंगळवारी संध्याकाळीच माझ्याकडून प्रभार काढून घेतला. पुन्हा साधी प्राध्यापिका झाले. त्याचं काही नाही. पण स्टाफरूममध्ये मी डबा उघडला की शेजारची खुर्ची रिकामी होते. विद्यापीठ माझ्यामुळं गेलं, असं शिपायापासून सगळे बोलतात. काल वसतिगृहातल्या दोन मुलींनी विचारलं, मॅडम, आमचं कॉलेज बंद होणार का, आम्ही दुसरीकडं अर्ज करायचा का. आबा, खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. खरंच कुलूप लागलं तर त्या पोरींना मी काय सांगू?

तुमच्या दोन ओळींची वाट पाहते.
रत्नमाला


धानोरा
३ मे २०२४

चि. रत्नमालेस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी वाळली असंल, आंबे पिकले की धाडा. तिसऱ्या दिवशी टोपी घातली आणि कडूबाईच्या घरी गेलो.

लेकीनं दोन हजार पोरांचा विचार डोक्यावर घेऊन खरं सांगितलं, आणि बापाला एका बाईला पंचेचाळीस वर्षांत सांगता आलं नाय, याची लाज वाटली.

ती ओसरीवर तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल, रडेल. ती हात थांबवून ऐकत राहिली. मग म्हणाली, मंग गुर्जी, दोन वर्सं मी बी शाळा शिकले म्हना की. आणि हसली. रत्ना, त्या हसण्यापुढं मला तिथं बसवेना.

मग म्हणाली, माझं नाव दावा. हजेरीपट कधीच वाळवीनं खाल्ले, पण दाखल-खारीज रजिस्टर शाळंत असतंच. सुट्टी असली तरी मुख्याध्यापिका बाई गावातच असतात, त्यांनी कपाट उघडलं. माझ्याच अक्षरात नाव होतं. मी बोट ठेवून वाचलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. किती तरी वेळ ठेवलं.

मला माफ केलं का, हे मी विचारलं नाय. तिनं सांगितलंही नाय. परवा बँकेचा कागद घेऊन आली नाय, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला असं कळलं. ते तिचं बरोबर आहे.

तुझ्या कॉलेजाचं काय व्हायचं ते मला दिसत नाय. भीती मलाही आहे. पण जेवत जा.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
आबा


छत्रपती संभाजीनगर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आबा व आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

सात महिने धड पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला भीतीवाचून दुसरं काही नव्हतं. आता आहे.

समितीचा अहवाल आला. प्रस्ताव फेटाळला नाही, मंजूरही केला नाही, अडकवून ठेवलाय. तीन जागा रीतसर जाहिरात देऊन भरा. सराव शाळा शिक्षणशास्त्र विभागाच्या हाताखाली आणा, आणि तिथं जुने, मुरलेले शिक्षक पूर्णवेळ नेमा. मग फेब्रुवारीत पुन्हा पाहू.

सुदर्शनरावांनी बोलावलं. एप्रिलबद्दल चकार शब्द नाही. मी माफी मागितली, की तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते खिडकीकडं बघत म्हणाले, की आधी सांगितलं असतं तर मी तुम्हाला त्या खोलीत येऊच दिलं नसतं. मग जाहिरातीचा मसुदा करायला सांगितला. मी केला. तीन जागांना एकशे सात अर्ज आले. निवडलेल्यांत एक बुद्धभूषण, आपल्याच डी.एड.चा विद्यार्थी. पीएच.डी. करून परभणीत तासिकांवर राबत होता.

सराव शाळेसाठी मी सांडू सरांचं नाव दिलं. पहिलीच्या वर्गाला त्यांची पात्रता पुरते. पण विचारायला जायचं कुणी? मीच गेले. जूनपासून ते मुलाकडं, सोमनाथकडं, वाळूजला राहतात. एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या बसेसची नोंद करतात. खाकी शर्टात ते समोर आले आणि मी तयार केलेली सगळी वाक्यं विसरले.

त्यांनी ऐकून घेतलं. सारजाबाई आतून म्हणाल्या, की आधी मास्तरांना शिकवायचं काढून घेतलं, आता एबीसीडीच्या पोरांत बसवताय व्हय, उद्या बालवाडीत धाडाल. पगारही पूर्वीपेक्षा थोडा कमीच. सांडू सर म्हणाले, विचार करतो.

आज नववा दिवस. सकाळी त्यांचा फोन आला. येतो म्हणाले. दोन अटी घातल्या. वर्गातले बाक काढून टाकायचे, आणि पाठ सुरू असताना कुणीही, कुलगुरू आले तरी, आत यायचं नाही.

फेब्रुवारीची धाकधूक आहेच. करुणाला शेवटी मानसशास्त्रालाच जायचं होतं, तिनं आमच्याकडंच प्रवेश घेतलाय. म्हणजे आता कुलूप लागलं तर घरच्या घरीच शिव्या खाईन.

आंबे पोचले होते, ते सांगायचंच राहिलं. गोड होते. माया राहू द्या.
रत्नमाला


छत्रपती संभाजीनगर
१६ जुलै २०२५

ती. आबा व ती. आईस,
रत्नमालेचा सविनय जयभीम. वि. वि.

झालं, आबा. काल 'लोकप्रबोधन विद्यापीठा'चं उद्घाटन झालं. तुम्हाला ताप असल्यानं येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

फेब्रुवारीत समिती आली, तेव्हा त्याच बाई होत्या. त्यांनी तीनही नव्या माणसांचे तास पाहिले. मार्चात इरादापत्र आलं आणि जूनमध्ये मंजुरी. नऊ विभाग, दोन हजार सहाशे विद्यार्थी. कुलगुरू बाहेरून आलेत, सज्जन वाटतात. शिक्षणशास्त्राच्या प्रमुख म्हणून दुसऱ्याच बाई नेमल्या आहेत. मी साधी प्राध्यापिकाच आहे. सुदर्शनराव भाषणात मोठ्या सरांबद्दल बोलता बोलता थांबले, चष्मा पुसला. माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि खरं सांगते, घेतलं असतं तर मी खुर्चीखाली लपले असते. एक वाईट झालं. डी.एड.ची शेवटची तुकडी यंदा. त्यानंतर ते बंद. तुम्ही ज्यात शिकलात ते आता फक्त इतिहासाच्या प्रकरणात राहील. सगळं वाचवता आलं असं मी म्हणणार नाही.

सभा चालू असताना मागच्या बाजूला सारजाबाई दिसल्या. दीड वर्ष त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या, वाळूजला बोलल्या ते आतूनच. मी उठून गेले. त्यांनी विचारलं, ह्यातलं इद्यापीठ कोणतं. मी तीन मजली इमारतीकडं हात केला. त्या म्हणाल्या, ते नाय, ह्यांचं कुठं हाय ते दावा.

मी त्यांना सराव शाळेत नेलं. पहिलीचा वर्ग. बाक नाहीत, खाली सतरंजी. दोऱ्यांवर अक्षरकार्डं, भिंतीला पोरांच्या उंचीवर फळा. दारावर पाटी आहे, वर्गशिक्षक सांडू बनकर, नावामागं पदवी काही नाही. त्या उंबऱ्यात उभ्या राहून चारी भिंती बघत राहिल्या. मग म्हणाल्या, लई बारकं हाय. मी म्हणाले, हो.

तेवढ्यात घंटा झाली. समारंभ असला तरी सांडू सरांनी शाळेला सुट्टी दिलेली नव्हती. चौतीस पोरं धावत आत आली. त्यांच्यामागं चार वर्षांच्या पदवीचे पहिले विद्यार्थी, वह्या घेऊन, पाठ बघायला. बुद्धभूषणही आला आणि पोरांमागं सतरंजीवर मांडी घालून बसला. शेवटी सांडू सर. त्यांनी आम्हा दोघींकडं पाहिलं. बायकोकडंही तसंच पाहिलं जसं माझ्याकडं. आणि हलक्या आवाजात म्हणाले, की पाठ सुरू होतोय, तुम्ही बाहेर थांबा.

आम्हाला बाहेर काढून त्यांनी दार लोटून घेतलं. व्हरांड्यात आम्ही दोघी उभ्या. मंडपातून टाळ्यांचा आवाज येत होता, आतून मात्र बराच वेळ काहीच येईना. तुमच्या वहीतला तो शेरा आठवून मला धास्ती वाटायला लागली, की पोरं गप्प का. मग एकदम आतली सगळी पोरं एका वेळी काहीतरी ओरडली, आणि सारजाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बघा, म्हणाल्या, बायकुला बी भाईर काढलं. मलाही हसू आवरेना. सरांनी आतून दारावर टकटक करून आम्हाला गप्प बसायला सांगितलं.

ताप उतरला की कळवा. आहे तशीच माया माझ्यावर राहू द्या.
तुमची,
रत्नमाला